दोनच्या पुढे न मोजणारे आतोबा

"आता ताईच नाय, तं त्यांना बोलवाचा का नाय?" काकूने विचारलं.

आई करंज्यांसाठी खोबरं खवत होती. हात न थांबवता म्हणाली, "बोलवायला तर पाहिजे. नाहीतर फोटो कोण काढणार?"

"ते बी खरंच," काकू म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

गणपती बसायच्या आदल्या दिवशीची ही दुपार. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून दुर्वांच्या जुड्या बांधत होते. माझ्यासमोर आमच्या घरात कोणीही काहीही बोलतं. मी ऐकत नाही असं त्यांना वाटत नाही. ऐकलेलं मी कुठे बोलणार नाही, याची मात्र सगळ्यांना खात्री असते. लहानपणापासून इंग्रजी शाळेत घातल्यामुळे माझं मराठी जरा पुस्तकी झालं, त्यावरून चुलत भावंडं हसायची, आणि मग हळूहळू मी घरात बोलणंच कमी केलं. ती सवय पुढेही सुटली नाही.

ताई म्हणजे माझी आत्या, काकांची आणि बाबांची मोठी बहीण. ती मार्गशीर्षात गेली. ज्यांना बोलवायचं की नाही असा प्रश्न पडला होता ते तिचे यजमान, आमचे आतोबा. त्यांना मूलबाळ नव्हतं. म्हणजे आता आमच्या घराशी त्यांना बांधून ठेवणारं असं माणूस कोणी उरलं नव्हतं. उरला होता तो गौरीच्या दिवशीचा फोटो. आईच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, तिला खरंच तसं वाटत होतं. आणि मी दुर्वा मोजताना चुकले, कारण घरात मला एकटीलाच माहीत होतं की तो फोटो गेली पाच वर्षं आतोबा काढतच नव्हते.

आतोबा आपटा गावचे. पाताळगंगेच्या काठाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पनवेलात एका फोटो स्टुडिओत त्यांनी सगळी नोकरी केली, पण दुकानात ते फारसे बसले नाहीत. मालक त्यांना शाळाशाळांत पाठवायचा, वर्गाचे फोटो काढायला. आपट्यापासून उरणपर्यंतच्या शाळांमधली किती मुलं त्यांनी बाकांवर उभी केली असतील कोण जाणे. साठ मुलं एका चौकटीत बसवायची, त्यात कोणी रडतंय, कोणाचं बटण तुटलंय, आणि हेडमास्तरांना मीटिंगला जायचंय. हे सगळं करून करून त्यांना माणसांकडे माणसं म्हणून बघायची सवय राहिली नव्हती. लग्नात जेवायला बसले तरी समोरची पंगत त्यांना उंचीप्रमाणे लागलेली नाही याचा त्रास व्हायचा. एकदा एका मयताला आले होते, तिथे हळूच आत्याला म्हणाले, "त्या उंच मानसाला पुढं कशाला उभा केलाय?" आत्याने त्यांना कोपराने ढोसलं.

गौरीच्या दिवशी आमच्याकडे तीसेक माणसं जमतात. आमचं घर कोन गावाच्या अलीकडे, हायवेपासून आत. जिथे आता तीन मजले उभे आहेत तिथे माझ्या आजोबांच्या वेळी भात लागायचा. खालचा हॉल काकांनी मुद्दाम गणपतीसाठी म्हणून मोठा बांधून घेतला. त्या हॉलमध्ये आतोबा सकाळी नऊला रिक्षातून उतरायचे ते दोन पिशव्या घेऊन. एका पिशवीत कॅमेऱ्याची लाकडी तिपाई. दुसऱ्या पिशवीत जुन्या साडीच्या कापडात गुंडाळलेल्या सहा विटा.

विटांवर मागच्या रांगेतली बुटकी माणसं उभी राहायची. काकांचा धंदा रेती-विटांचा आहे, घराच्या मागे विटांचा ढीग कायम पडलेला असतो. ते दरवर्षी म्हणायचे, "भावजी, आमच्या घरी येताना इटा कशाला आनता? आमी दुसरा विकतो काय?" आणि आतोबा दरवर्षी सांगायचे, "तुमच्या नव्या हाएत. कापडांना रंग लागतो." मग त्या विटा ते जमिनीवर मांडायचे, आणि खिशातून खडूचा तुकडा काढून प्रत्येकाच्या पावलांची जागा आखायचे. ते चेहऱ्यांकडे आधी बघायचेच नाहीत, पायांकडे बघायचे. पाय बरोबर पडले की वरचं माणूस आपोआप जागेवर येतं, असं त्यांचं मत होतं.

फोटो जेवणाआधी, हा नियम. जेवल्यावर माणसं उभ्याउभ्या झोपतात आणि ते डोळ्यांत दिसतं. मागची भिंत मोकळी पाहिजे, हा दुसरा. कॅलेंडर उतरवायचं, चार्जर काढायचे, स्विचबोर्डाच्या पुढे कोणीतरी जाडं माणूस उभं करायचं. यावर कोणी कुरकुर केली की ते आजोबांचा एक जुना फोटो दाखवायचे. आजोबा खुर्चीत बसलेत आणि मागे भिंतीला टेकवलेली शिडी बरोबर त्यांच्या डोक्यातून वर निघाली आहे. तो फोटो स्वतः आतोबांनीच काढलेला होता, नवे जावई असताना. "तवा मी आजोबांकडं बगत बसलो," ते म्हणायचे. "आजोबा जाऊन इतकी वर्षं झाली. शिडी आजून तिथंच हाय."

सगळ्यात मोठा नियम खुर्च्यांचा. बाकीच्या घरांत खुर्च्यांवर वडीलधारे पुरुष बसतात आणि बायका मागे किंवा खाली. आतोबा सात खुर्च्या मांडायचे आणि त्या सातही स्वयंपाकघरातल्या बायकांना द्यायचे. "पहाटेपासून उभ्या हाएत त्या बसतील," एवढंच म्हणायचे. पहिल्या वर्षी काकांना ते फार लागलं होतं म्हणतात. पण जावयाचं बोलणं, तेही सणाच्या दिवशी. मोडणार कसं? काका मागे उभे राहिले. मग तीच रीत झाली. आमच्याकडचे फोटो पाहून लोक विचारतात की तुमच्याकडे बायकांचं चालतं का. तसं काही नाही. फोटोपुरतं चालतं.

त्या फोटोंमधल्या बायकांचे चेहरे नीट पाहिले तर त्या बसल्याबसल्या किती सैल झाल्या आहेत ते दिसतं. सकाळपासून वड्यांचं पीठ, आमच्यात गौरीला मटण लागतं त्याचं वाटण, आल्यागेल्याचा चहा. ती पाच मिनिटं त्यांना कोणी उठ म्हणत नाही. आई एकदा म्हणाली होती की फोटो जरा हळू काढत जा, तेवढीच पाठ टेकते.

आतोबांनी कधी कोणाला हसायला सांगितलं नाही. ते म्हणायचे, "खांदा आत घ्या." प्रत्येकाने एक खांदा किंचित मागे, शेजारच्याच्या छातीच्या रेषेत न्यायचा. मग माणसं जवळ येतात, नाहीतर फोटोत सगळे तिकीट काढायच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसतात. आमच्या घरात कोणी कोणाच्या इतकं जवळ उभं राहत नाही, त्यामुळे सगळे अवघडायचे. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "मेल्यावर सगळेच खांदा देतात. आता जरा आत घ्या."

मग ते मोजायचे. एक, दोन, आणि दोनलाच फोटो. तीन कधीच आलं नाही. तीनला माणसं दगड होतात, त्याच्या आधीच धरायला पाहिजे. सगळ्यांना हे माहीत असायचं, तरी सगळे तीनची वाट बघत असायचे. आणि एक आणि दोनच्या मधे, अगदी शेवटच्या क्षणी, ते काकांना म्हणायचे, "शेठ, चेन भाहेर काढा. नायतर लोकांना कळनार कसा?" तोच विनोद, दरवर्षी. काकांची चेन तोपर्यंत बाहेरच असायची. तरी सगळे हसायचे, काकासुद्धा, आणि त्याच हसण्यात दोन व्हायचं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट व्हायची. सगळे जागेवर आले, खुर्च्या भरल्या, की पुढच्या रांगेतून आत्या म्हणायची, "या नं हो तुमी पन. एकदा तरी."

आतोबा तिपाईमागून म्हणायचे, "मंग दाबनार कोन?"

हेही दरवर्षी. माझ्या चुलत भावाने एकदा सुचवलं होतं की टायमर लावा, दहा सेकंदांत येऊन उभे राहा. आतोबांनी त्याच्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. टायमरला डोळे नसतात, तो कुणाचे डोळे मिटलेत ते बघत नाही. त्यानंतर कोणी काही सुचवलं नाही. आत्या विचारायची, ते उत्तर द्यायचे, आणि फोटोत ते नसायचे. इतक्या वर्षांत एकाही फोटोत ते नाहीत.

त्यांची आणि माझी एक जुनी गोष्ट आहे. ती मी कोणाला सांगितलेली नाही.

चौथीत असताना आमच्या शाळेत वर्गाचा फोटो होता. मैदानावर बाकं लावली होती. गेटमधून आतोबा आले, पायात झिजलेल्या चपला, खांद्याला कॅमेरा, हातात ती विटांची पिशवी. आमच्या शाळेत सगळ्यांशी इंग्रजीत बोलायचं. ते आपल्या भाषेत म्हणाले, "उभ्या ऱ्हावा, हालू नका, आजून जागा हाय." मुली हसल्या. एकीने त्यांची नक्कल केली, हाय, नाय, हाय, नाय. मीही हसले. घरात मला जे हसायचे, तसंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारची मुलगी म्हणाली, तो माणूस तुझ्याकडे का बघतोय, तू ओळखतेस का त्याला? मी म्हणाले, नाही.

ते चार हातांवर होते, एका हातात वीट धरून. त्यांनी ऐकलं.

मग ते आमच्या रांगेशी आले. मी वर्गातल्या सगळ्यात उंच मुलीच्या मागे लपले होते. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, मला हात लावला नाही. त्या उंच मुलीला उचलून दुसऱ्या टोकाला नेलं, तिच्यामुळे अख्खी रांग बदलली, टीचर वैतागल्या. शेवटी मी उघड्यावर आले. त्या फोटोत मी रडवेली दिसते, पण पूर्ण दिसते. त्या वर्षी गौरीला आत्याने पाकिटातून त्या फोटोची एक प्रत मला दिली. म्हणाली, यांनी तुझ्यासाठी काढून ठेवली. तेव्हा आतोबा हॉलमध्ये खडूने पावलं आखत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुढे मी मोठी झाले तशी फोटोतून निसटायची माझी एक युक्ती ठरली. कॅमेरे गेले, फोन आले, आणि माझ्या फोनचा कॅमेरा घरात सगळ्यात चांगला होता. म्हणून तिपाईवर माझा फोन लागायचा. फोन लावायला मदत करते म्हणून मी आतोबांच्या बाजूला उभी राहायचे आणि तिथेच राहायचे. कोणाच्या लक्षात यायचं नाही. मला ते बरं वाटायचं. तिथे उभं राहून मी त्यांचं काम शिकले. कोणाची पापणी लवकर मिटते, कोण श्वास रोखून धरतं, काका पोट आत ओढायला लागले की दोन व्हायला किती वेळ आहे.

मग एका वर्षीचा फोटो हलला. तीस माणसं, सगळी पुसट. फोनचा दोष, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही तसंच म्हणाले. पण मी त्यांचं बोट पाहिलं होतं. ते फोनच्या काचेला टेकताना इतकं थरथरलं की तिपाईच हलली.

पुढच्या वर्षी गौरीच्या सकाळी त्यांनी मला जिन्यात बोलावलं. खिशातून काळ्या प्लॅस्टिकचं एक बटण काढलं, सुपारीपेक्षा थोडं मोठं. पनवेलच्या बाजारातून आणलं होतं. म्हणाले, हे तुझ्या फोनला जोड. ते खिशातून काढताना त्यांचा हात तीन वेळा अडकला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

"मी दोन म्हनलो का दाब," ते म्हणाले. "कोनाला सांगू नको."

मी विचारलं, मीच का?

"तू बोलत नाय म्हनून." मग त्यांनी आणखी एक सांगितलं. "आनि तिथं रांगेत उभी ऱ्हा, आईच्या मागं. माझ्या बाजूला उभी ऱ्हाऊन काय व्हनार? बटन लांबूनच दाबतात."

अशा रीतीने मी फोटोत आले. त्या पाच वर्षांच्या प्रत्येक फोटोत मी दुसऱ्या रांगेत, आईच्या खुर्चीमागे आहे आणि माझा उजवा हात दिसत नाही. तो खुर्चीच्या पाठीमागे, मुठीत बटण धरून असतो. आतोबा तिपाईशी उभे राहायचे, तीस जोडी डोळे तपासायचे, बोट काचेच्या जवळ न्यायचे, पण टेकवायचे नाहीत. दोन म्हणायचे. मी दाबायचे. नंतर फोन सगळ्यांच्या हातून फिरायचा, आणि काका म्हणायचे, "काय बी म्हना, भावजींचा हात हाय." आतोबा हात पाठीमागे बांधून उभे असायचे.

खरं सांगायचं तर मला ते कधीकधी खुपायचं. एवढ्या मोठ्या घरात माझ्या हातून नीट होणारी एक गोष्ट होती आणि ती दुसऱ्याच्या नावावर होती. मग वाटायचं, बघणारे तर तेच आहेत. मी नुसती दाबते.

आत्याला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. एकदा सगळे जुने फोटो एकत्र करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आत्या कुठल्याच फोटोत कॅमेऱ्यात बघत नाही. सगळे समोर बघतात आणि ती किंचित डावीकडे, तिपाईच्या बाजूला, आतोबा असायचे तिकडे. दरवर्षी आतोबा तिच्यावर चिडायचे, कॅमेऱ्यात बघ म्हणायचे. ती हो म्हणायची आणि पुन्हा तिकडेच बघायची.

तर त्या वर्षी, आत्या गेल्यानंतरच्या गौरीला, त्यांना बोलावणं गेलं आणि ते आले. त्यांच्या स्वतःच्या घरी त्या वर्षी सण नव्हता. सकाळी नऊला रिक्षा आली. पिशव्या त्याच दोन, पण विटांची पिशवी रिक्षावाल्याने आत आणून ठेवली. आतोबा वाळले होते. त्यांच्या शर्टाची दोन बटणं चुकीच्या काजात गेली होती. काकूने पाणी दिलं, ते त्यांनी पेला दोन्ही हातांत धरून प्यायलं.

सगळेच त्या दिवशी थकलेले होते. बाहेर हायवेवरच्या ट्रकांची घरघर, आत मिक्सर, वरच्या मजल्यावर पाहुण्यांची अंघोळीसाठी रांग. सण पाच दिवसांचा असला की तिसऱ्या दिवशी माणसं एकमेकांकडे बघायचंही टाळतात. आतोबा एका कोपऱ्यात बसून खडू शोधत होते. तो त्यांच्या हातातच होता.

चुलत भाऊ त्यांच्या शेजारी जाऊन बसला. तो मनाने चांगला आहे, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीवर उपाय सापडतो. म्हणाला, यंदा आत्यालाही फोटोत घालू. आता अ‍ॅपवर होतं. जुन्या फोटोतून उचलायची आणि खुर्चीवर बसवायची, ओळखूसुद्धा येणार नाही. त्याने लगेच फोनवर एक नमुना दाखवला, कोणाच्या तरी वारलेल्या वडिलांना लग्नाच्या फोटोत उभं केलं होतं.

आतोबांनी तो बराच वेळ पाहिला. कामाच्या नजरेने पाहिला, प्रकाश कुठून येतोय वगैरे. मग म्हणाले, "बसवशील. पन ती बगंल कुठं?"

भावाला कळलं नाही. तो म्हणाला, समोर बघेल ना, सगळ्यांसारखी. आतोबा म्हणाले, मग ती नाही ती. आणि उठून खुर्च्या मांडायला लागले.

त्यांनी सात मांडल्या. सवयीने. कॅलेंडर उतरवलं, चार्जर काढायला लावले. पावलं आखताना खडू दोनदा पडला. चुलत भावाने उचलून दिला तर म्हणाले, राहू दे, यंदा अंदाजाने उभे राहा. त्या घरात त्यांच्या तोंडून अंदाज हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. जिन्यातून वर जाताना माझ्याजवळ थांबून त्यांनी हळूच विचारलं, बटणात सेल आहे ना? मी मान हलवली.

बायका स्वयंपाकघरातून आल्या, पदराने चेहरा पुसत बसल्या. आई, काकू, बाकीच्या. सहा खुर्च्या भरल्या. सातवी, काकूच्या शेजारची, तशीच राहिली. मागची रांग उभी राहिली, काका मधे, बाबा त्यांच्या बाजूला. मी आईच्या मागे. मुठीत बटण.

"ती खुर्ची काढू का?" भावाने विचारलं.

फोटोत मोकळी जागा राहिलेली आतोबांना कधी चालली नाही. एरवी ते ओरडले असते, सरका, सरका, गाडी जाईल मधून. आता ते तिपाईमागे उभे होते आणि त्या खुर्चीकडे बघत होते. कोणी सरकलं नाही. कोणी खुर्ची काढलीही नाही. काकू नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

मग ती वेळ आली. त्या वेळी पुढच्या रांगेतून एक वाक्य यायचं. पंखा फिरत होता. गौरीसमोरच्या समईची वात तेवढी हलत होती. आतोबा थांबले होते, सवयीने, ते वाक्य येऊन जाईपर्यंत जेवढं थांबायचं तेवढं. आणि मग, कोणी काहीच न विचारता, त्यांनी उत्तर दिलं.

"मंग दाबनार कोन," ते म्हणाले.

काका आपल्या पायांकडे बघायला लागले. मला गणपतीच्या आदल्या दुपारचं स्वयंपाकघर आठवलं, आईचा न थांबणारा हात, आणि ते ते-बी-खरंच. या माणसाला पुढच्या वर्षी बोलवायचं की नाही ते या एका कामावर ठरणार होतं, आणि ते काम माझ्या मुठीत होतं. मी दाखवलं तर त्यांची येण्याची वाट बंद होणार होती. नाही दाखवलं तर ते पुढच्या वर्षीही येतील, तिपाईमागे उभे राहतील, आणि फोटोत नसतील.

मी मूठ वर काढली. आतोबांनी पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून, इतकी थोडी की मलाच दिसली.

"आतोबांनी यंदा नवीन बटण आणलंय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "लांबून दाबता येतं. आता त्यांनी तिथे उभं राहायची गरज नाही."

सगळे वळून माझ्याकडे बघत होते. भाऊ म्हणाला, अरे, हे तर कधीपासून मिळतं. आणि मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाला. मघाशी म्हटलं तसं, तो मनाने चांगला आहे.

"मंग इतकी वर्षं का नाय आनला?" काकांनी विचारलं.

आतोबा माझ्याकडे बघत होते. शाळेच्या मैदानावर बघितलं होतं तसंच. मी या वेळी नजर वळवली नाही.

"आता मिळाला," ते म्हणाले.

"मंग या," काका म्हणाले. "बसा."

"ती बायकांची खुर्ची हाय."

"बसा, भावजी," काकू म्हणाली. "पहाटेपासून उभ्या हाएत त्या बसतील, तुमीच म्हनता नं? तुमी किती वर्षांचे उभे हाव."

ते आले. तिपाईपासून त्या खुर्चीपर्यंत आठ-दहा पावलं असतील, पण त्यांना ती चालता येईनात, कारण त्या बाजूने ते कधी आलेच नव्हते. मधे एका विटेला ठेच लागली. बसले तेव्हा दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसले, हात हलू नयेत म्हणून, आणि अगदी सरळ, समोर, पासपोर्टच्या फोटोला बसतात तसे. आयुष्यभर लोकांना उभं करणाऱ्या या माणसाला स्वतः कसं बसायचं ते माहीत नव्हतं.

तिपाईमागे आता कोणी नव्हतं. डोळे बघायला कोणी नव्हतं. त्या वर्षी निघालेल्या फोटोत तिघांचे डोळे मिटलेले आहेत आणि स्विचबोर्ड पूर्ण दिसतो. एवढा वाईट फोटो आमच्या घरात दुसरा नाही, आणि हॉलमध्ये तोच लागलाय. तिपाई आणि विटा आता माझ्याकडे आहेत.

"आता मोजनार कोन?" काकांनी विचारलं.

एकेक करून सगळे मागे वळून माझ्याकडे बघायला लागले. आतोबा तेवढे वळले नाहीत. ते समोर, रिकाम्या तिपाईच्या किंचित डावीकडे बघत बसले होते.

"समोर बघा सगळे," मी म्हणाले. "आतोबा, खांदा आत घ्या. एक. दोन."